डिझेल इंजिनाचा श्वास : टर्बो बदलायच्या आधी हवेची वाट तपासा

चक्रधर

माझ्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, गेला. नवा बसवला, तर दीड महिन्यात तोही गेला. दोन्ही वेळा लक्षणं तीच होती. आधी बारीक शिट्टी, मग चढावर गाडी ओढेना, शेवटी मागून निळसर धूर. दुसऱ्यांदा मला "पीस खराब निघाला असेल" एवढंच उत्तर मिळालं आणि ते काही पटलं नाही. तिसऱ्या ठिकाणी एका वयस्क मिस्त्रींनी टर्बोला हातच लावला नाही. त्याला ऑईल पुरवणारी बारीक नळी सोडवली, तिच्या टोकाचा पोकळ बोल्ट काढला आणि उजेडात धरून मला दाखवला. आरपार दिसायला हवं होतं ते भोक ऑईलच्या कोळशाने निम्म्याहून जास्त बुजलं होतं. दोन्ही टर्बो त्या भोकापायी गेले. नवा टर्बो बसवताना नळी जुनीच ठेवली होती.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसला. बरंच वाचलं, उघडलेली इंजिनं पाहिली, जाणत्यांना प्रश्न विचारून भंडावलं. जे उमगलं ते इथे लिहितो. चुकलं तर नक्की दुरुस्त करा.

सुरुवात हवेपासून करायला हवी, कारण डिझेल इंजिनाची खरी अडचण हवा हीच आहे. पेट्रोल इंजिनात पेडल दाबलं की हवेची झडप उघडते आणि आलेल्या हवेच्या मापाने पेट्रोल पडतं. डिझेलमध्ये हवा येईल तेवढी येऊ देतात, पेडल ठरवतं ते फक्त डिझेल किती फवारायचं. पिस्टन ती हवा साधारण सोळा-सतरा पट दाबतो, तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं आणि फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेटतं. म्हणजे जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल फवारा, असं वरवर वाटतं. पण फवारलेलं डिझेल जळायला तितकी हवा कुठून आणायची?

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर डिझेलला सुमारे दहा हजार लिटर हवा. ही झाली कागदावरची किमान गरज. प्रत्यक्षात फवाऱ्याचा प्रत्येक थेंब हवेत पूर्ण मिसळायला वेळ मिळत नाही, म्हणून पूर्ण भारावरही हवा यापेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते. ती कमी पडली की अर्धवट जळलेला कार्बन काळा धूर होऊन बाहेर पडतो. काळा धूर म्हणजे या हिशेबात हवेची बाजू कमी पडली, एवढं पक्कं धरून चाला. डिझेल जास्त पडतंय की हवा कमी येतेय, ते पुढे शोधायचं.

साधं दोन लिटरचं इंजिन घ्या. चार स्ट्रोकचं असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा ते पूर्ण भरतं. दोन हजार फेऱ्यांवर मिनिटाला दोन हजार लिटर हवा ओढेल, फार तर. वजनात ती सव्वादोन किलोच्या आसपास भरते. आता या इंजिनातून जास्त ताकद काढायची तर इंजिन मोठं करा, जास्त वेगाने फिरवा, नाहीतर त्याच जागेत हवा कोंबून भरा. हा तिसरा मार्ग म्हणजे टर्बो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. इंधनातल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे वाया जातो हे त्याला खटकत होतं.

आता वाट बघू. बाहेरची हवा तोंडातून आत येते, एअर फिल्टरमधून जाते. पुढे बहुतेक आधुनिक गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो. तिथून टर्बोच्या थंड बाजूला, म्हणजे कंप्रेसरला. कंप्रेसरमधून दाबलेली आणि तापलेली हवा जाड रबरी होजमधून इंटरकूलरला, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीला, तिथून सगळ्या सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डला, मग व्हॉल्व्हमधून सिलिंडरला. जळून झाल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून टर्बोच्या गरम बाजूला, टर्बाइन फिरवून पुढे सायलेन्सरला. टर्बो या वाटेवर दोनदा भेटतो, येताना आणि जाताना. म्हणूनच वाटेत कुठेही काही बिघडलं तरी लक्षण टर्बोपाशी उमटतं आणि दोष टर्बोच्या माथी येतो.

टर्बोच्या आत बघण्यासारखं खूप आहे. एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं. गरम बाजूचं चाक निकेलच्या मिश्रधातूचं, कारण पूर्ण भारावर तिथे सातशे-आठशे अंशांचा वायू आदळतो. थंड बाजूचं ॲल्युमिनियमचं, हलकं. छोट्या गाड्यांत हा शाफ्ट मिनिटाला दीड लाख फेऱ्या सहज घेतो, काही टर्बो दोन लाखांच्याही वर जातात. दीड लाख म्हणजे सेकंदाला अडीच हजार. पाच सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड या वेगाला सेकंदाला जवळजवळ चारशे मीटर जाते, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. चाक हवेला मधून ओढून कडेने फेकतं. शंखासारख्या आवरणात ती वेगवान हवा मंदावते, आणि मंदावताना तिच्या वेगाचं रूपांतर दाबात होतं.

या वेगाला बॉल बेअरिंगही चालतात, काही टर्बोंत असतातही. बहुतेकांत मात्र साधे पितळी बुश असतात, शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर, बुश आणि घराच्या भिंतीमध्ये आणखी एक थर. शाफ्ट फिरताना बुशही त्याच्याबरोबर थोडा हळू फिरत राहतो. सगळं ऑईलवर तरंगत असतं, धातूला धातू लागत नाही. हा थर काही सेकंद जरी तुटला तरी बुश चाटला जातो, शाफ्ट डगमगतो आणि चाकाची पाती आवरणाला घासतात. शिट्टी येते ती तिथून. माझ्या बोल्टाच्या भोकाने नेमकं हेच केलं.

ऑईल आत येतं इंजिनाच्या दाबाने, पण बाहेर जातं स्वतःच्या वजनाने. खालची परतीची नळी जाड असते ती यासाठी. ही नळी चेपली, वाकली, किंवा कुणी फ्लँजला गॅस्केटऐवजी सिलिकॉन जास्त लावलं आणि त्याचा गोळा आत लोंबला, तर ऑईल तुंबतं. तुंबलेलं ऑईल दोन्ही बाजूंच्या सीलमधून बाहेर ढकललं जातं. इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. टर्बोचं सील हे रबराचं ऑईल सील नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची रिंग असते. ती ऑईल अडवते ते मुख्यतः आवरणातल्या वायूचा दाब आतल्यापेक्षा जास्त असतो म्हणून. हा तोल बिघडला तर कोरा टर्बोही ऑईल सोडतो. एअर फिल्टर चोंदला की कंप्रेसरपाशी ओढ वाढते आणि ऑईल हवेच्या बाजूला खेचलं जातं. इंजिनाच्या पोटातला दाब वाढला, म्हणजे ब्रीदर (पोटातली वाफ बाहेर सोडणारी वाट) चोंदला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तर परतीचं ऑईल खाली उतरायला तयार होत नाही. निळा धूर दिसला की टर्बो उतरवायची घाई होते, आणि कारण मात्र या तिघांपैकी कुठेतरी बसलेलं असतं.

टर्बो हे एक्झॉस्टमधल्या फुकट ऊर्जेवर चालणारं यंत्र आहे, इंजिनाकडून ते काहीच घेत नाही. त्यामुळे याहून चांगला सौदा मला दिसत नाही.

फिल्टर, इंटरकूलर, ईजीआर (थोडा जळका वायू परत आत पाठवणारी यंत्रणा) यांवर प्रतिसादांत बोलू. अनुभव लिहा.

एन्ट्रॉपी

चक्रधर, लेख मनापासून आवडला, सीलबद्दलचा भाग तर विशेष. एक दुरुस्ती. "फुकट" हा शब्द काढा. टर्बाइन वाटेत बसल्यामुळे एक्झॉस्टला अडथळा होतो, आणि जळलेला वायू बाहेर ढकलताना पिस्टनला जास्त जोर लावावा लागतो. टर्बोचं काम थोडं उष्णतेतून निघतं, थोडं पिस्टनच्या या कष्टातून. पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरपेक्षा हा सौदा कितीतरी चांगला, पण फुकट नाही.

किती काम लागतं त्याचा अंदाज देतो. तुमचंच दोन लिटरचं इंजिन तीन हजार फेऱ्यांवर, हवेचा दाब बाहेरच्या दुप्पट. बाहेर ३० अंश असतील आणि कंप्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १२५ अंशांच्या जवळ जाते. तेवढी हवा तेवढी तापवायला सुमारे दहा किलोवॅट लागतात. मुठीत मावेल एवढं चाक दहा किलोवॅटचं काम करतं.

आता याच आकड्यांतून इंटरकूलर का हवा ते बघा. दाब दुप्पट झाला म्हणजे हवा दुप्पट भरली असं वाटतं. पण गरम हवा फुगते. १२५ अंशांवर त्याच जागेत हवा भरते दीडपट. तीच हवा इंटरकूलरने ५० अंशांवर आणली तर भरते जवळजवळ एक पूर्णांक नऊ दशांश पट. बूस्टच्या, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाच्या, काट्यावर दोन्ही वेळा आकडा तोच दिसेल. सिलिंडरला दाब नको असतो, वजनाने हवा हवी असते. आत जाणारी हवा थंड असली की जळतानाचं तापमानही उतरतं, त्यामुळे पिस्टन, व्हॉल्व्ह आणि टर्बाइन यांचा ताप वाचतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही कमी तयार होतात.

चक्रधर

मान्य. "फुकट" हा शब्द मागे घेतो. लेख मुद्दाम बदलत नाही, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला तो कशाबद्दल आहे ते कळेल. आणि दीडपट-दुप्पटचा हिशेब मला पूर्ण नवा आहे, मी इतके दिवस दाबाच्या काट्यालाच हवा समजत होतो. इंटरकूलरच्या जाळीत चिखल आणि किडे भरलेले असले तर नुकसान किती, हेही यातून आपोआप कळतं.

मळणी

मी कापणी यंत्र आणि ट्रॅक्टर चालवतो. आमच्याकडे टर्बोचा पहिला वैरी धूळ. फिल्टरबद्दल लिहितो कारण यात अनेकजण काळजीपोटीच चूक करतात.

कागदी फिल्टर रोज उघडून झटकायचा, गॅरेजमधल्या कंप्रेसरची हवा मारायची, ही सवय मलाही होती. मग समजलं की कोऱ्या कागदापेक्षा थोडी धूळ बसलेला कागद जास्त बारीक धूळ अडवतो. वर बसलेला थर स्वतःच गाळणीचं काम करतो. दर वेळी उघडलं की तो थर मोडतो, रबरी कड नीट बसेलच याची खात्री नसते, आणि जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. त्या भोकातून गेलेली धूळ म्हणजे वाळूचे कण. कंप्रेसरच्या पात्यांच्या कडा त्याने घासून बोथट होतात, मग रिंगा आणि लायनर झिजतात. फिल्टर चोंदला तर इंजिन दमतं, पण फाटला तर इंजिन मरतं. मी पहिलं पत्करेन.

आता आमच्या यंत्राला फिल्टरच्या घरावर एक छोटा दर्शक आहे. फिल्टरमागची ओढ ठरावीक मर्यादेच्या वर गेली की त्यात लाल पट्टी येते. ती आली की फिल्टर बदलायचा, आधी हात लावायचा नाही. आतला दुसरा छोटा फिल्टर तर धुवायचा किंवा झटकायचा नसतोच, ठरल्या वेळी सरळ बदलायचा. बाहेरच्या तोंडाला धूळ गरगर फिरवून बाहेर फेकणारा प्रीक्लीनर आहे, त्याचं रबरी तोंड रोज बोटांनी दाबून रिकामं करतो. रोजचं काम एवढंच.

जुन्या ट्रॅक्टरला ऑईल बाथ फिल्टर होता. त्यात ऑईल खुणेच्या वर भरायचं नाही, ही आमच्याकडे ताकीद असायची. का, ते कुणी सांगत नसे. जास्तीचं ऑईल इंजिन ओढून घेतं आणि इंधन म्हणून जाळतं, हे मी एकदा इंजिन आपोआप भरधाव होताना पाहून शिकलो.

रात्रपाळी

मळणी, ते भरधाव होणं मीही एकदा बघितलंय, ट्रकमध्ये. चावी बंद केली तरी इंजिन थांबेना, उलट वाढतच गेलं, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा ढग. टर्बोचं सील गेलं होतं आणि इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑईल इंजिन जाळत होतं. डिझेल बंद करून उपयोग नव्हता कारण ते डिझेलवर चालतच नव्हतं.

अशा वेळी गिअरची गाडी असेल आणि चालक जागेवर असेल तर पूर्ण ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. दुसरा मार्ग हवा तोडण्याचा, तोंडावर सपाट फळी किंवा जाड पत्रा दाबायचा, नाहीतर कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक तोंडात सोडायचं. हाताने किंवा कापडाने तोंड बंद करायला कुणीही जाऊ नये. ती ओढ भयंकर असते, कापड आत जातं आणि हाताला गंभीर इजा होऊ शकते. काही सेकंदांत जमलं नाही तर सगळ्यांना घेऊन लांब व्हा. इंजिन फुटलं तर तुकडे कुठेही उडतात.

आणि टर्बो गेल्यावर नवा बसवणाऱ्यांना माझी विनंती. इंटरकूलर आणि सगळ्या होज उतरवून आतलं ऑईल आणि मोडलेल्या पात्यांचे तुकडे पूर्ण काढा. हे काम किचकट आहे म्हणून टाळलं जातं आणि तेच नंतर जिवावर बेतू शकतं.

कुतूहल

मी गाडी फक्त चालवते, उघडलेली कधी पाहिली नाही. दोन शंका आहेत. थांबल्यावर लगेच इंजिन बंद करू नये, दोन मिनिटं चालू ठेवावं, असं ऐकलंय. हे खरं आहे का? आणि माझ्या गाडीला "व्हेरिएबल" टर्बो आहे असं सांगतात. यात बदलतं काय?

चक्रधर

कुतूहल, पहिल्याचं उत्तर : तुम्ही थांबायच्या आधी काय करत होतात त्यावर ते आहे. भरल्या गाडीने लांब चढ चढून किंवा महामार्गावर वेगात येऊन एकदम थांबलात, तर टर्बाइन खूप तापलेलं असतं. इंजिन बंद केलं की ऑईलचा पंप थांबतो आणि टर्बाइनकडची उष्णता शाफ्टवरून मधल्या घरात झिरपते. तिथे अडकलेलं ऑईल भाजून त्याचा कोळसा होतो. माझ्या बोल्टात तोच होता. अशा वेळी एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवावं. पण शेवटची पाच मिनिटं गल्लीबोळातून हळू आला असाल तर टर्बो वाटेतच निवलेला असतो, उगाच डिझेल जाळू नका.

मला त्याच्याइतकीच महत्त्वाची वाटते ती सुरुवात. इंजिन चालू केल्याबरोबर पेडल दाबायचं नाही. ऑईल टर्बोपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, विशेषतः गाडी बरेच दिवस उभी असेल किंवा नुकतंच ऑईल फिल्टर बदललं असेल तेव्हा. ऑईल वेळेवर आणि सांगितलेल्या दर्जाचं घालत राहिलात तर या दोन सवयींपलीकडे तुम्हाला वेगळं काही करायला नको.

दुसरं उत्तर एन्ट्रॉपी माझ्यापेक्षा चांगलं देतील.

एन्ट्रॉपी

प्रयत्न करतो. टर्बोची मूळ अडचण अशी की तो एकाच मापाचा असतो आणि इंजिनाचा वेग सतत बदलत असतो. लहान टर्बाइन लावलं तर कमी वेगालाही पटकन फिरतं, पण जास्त वेगाला वायू त्यातून मावत नाही. मोठं लावलं तर वरती छान, खाली पेडल दाबल्यावर वाट बघायची. जुना तोडगा वेस्टगेट. लहान टर्बाइन घ्यायचं आणि बूस्ट पुरेसा झाला की एक झडप उघडून जास्तीचा वायू बाजूने सोडून द्यायचा.

व्हेरिएबलमध्ये टर्बाइनच्या चाकाभोवती हलणारी छोटी पाती असतात. नळाच्या तोंडावर बोट धरलं की तेच पाणी जोरात उडतं, तसं इंजिन हळू असताना ही पाती मिटतात, वाट अरुंद होते आणि थोडाच वायू जोरात चाकावर आदळतो. वेग वाढला की पाती उघडतात. एकच टर्बो कधी लहान वागतो, कधी मोठा. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो, त्यामुळे ही नाजूक यंत्रणा डिझेलमध्ये आधी रुळली.

तिचा शत्रू काजळी. गाडी कायम कमी अंतर, कमी वेगात चालली तर पात्यांच्या सांध्यांत काजळी बसून ती जाम होतात. मिटलेल्या स्थितीत जाम झाली तर बूस्ट मर्यादेबाहेर जातो, उघड्या स्थितीत झाली तर गाडी खालून उचलतच नाही. दोन्हीत संगणक दिवा लावतो आणि ताकद कमी करून टाकतो. अशा वेळी टर्बो बदला असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, पाती हलतात का बघितलं का? त्यांना हलवणारा ॲक्चुएटर आणि त्याची व्हॅक्यूमची नळी तपासली का? चिरलेल्या नळीने पूर्ण टर्बो बदलायला लावल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

मळणी

ईजीआरबद्दल कुणी लिहाल का? आमच्या नव्या यंत्राचा मॅनिफोल्ड उघडला तर आत डांबरासारखा थर. निम्मी वाट बंद.

चक्रधर

मळणी, त्यात दोन गोष्टी भेटतात. जळतानाचं तापमान उतरावं म्हणून ईजीआर थोडा जळका वायू परत आत पाठवतो. त्या वायूत काजळी असते. आणि ब्रीदरमधून इंजिनाच्या पोटातली ऑईलची वाफ हवेच्या वाटेत सोडलेली असते. नुसती काजळी कोरडी असते, उडून जाते. नुसती ऑईलची वाफ पातळ असते. दोन्ही मिळाल्या की डांबर होतं. म्हणून कंप्रेसरच्या तोंडाशी आणि होजमध्ये ऑईलचा हलका ओलावा दिसला तर घाबरू नये, तो ब्रीदरचा असतो. थेंब गळायला लागले तर मात्र शोध घ्यायचा.

पेट्रोल इंजिनासारखी हवेची झडप आधुनिक डिझेलमध्येही असते, ती इथेच, पण ताकद ठरवायला नाही. ईजीआरचा वायू आत ओढला जावा म्हणून ती थोडी मिटते, काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना एक्झॉस्ट तापवायला मिटते, आणि इंजिन बंद करताना मिटून धक्का कमी करते.

सागरवाट

बरीच वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत, म्हणून थोडी भर. ब्यूखीची कल्पना प्रत्यक्षात चालली ती जहाजांवर. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना त्याचे टर्बो बसवले आणि त्यांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. पेटंटनंतर वीस वर्षं त्याने चिकाटी धरली. टर्बो डिझेल मोटारगाडी विक्रीला यायला त्यानंतर अर्धं शतक लागलं, ती मर्सिडीज, १९७८ मध्ये.

आमची मुख्य इंजिनं दोन स्ट्रोकची. त्यात हवा ओढायचा वेगळा स्ट्रोकच नसतो, बाहेरून दाबाने आलेल्या हवेनेच जळका वायू ढकलून काढायचा असतो. मग इंजिन चालू होताना, टर्बो अजून फिरत नसताना, हवा कोण देणार? त्यासाठी विजेवर चालणारे ब्लोअर असतात, पुरेसा भार आला की ते आपोआप बंद होतात. टर्बाइनच्या पात्यांवरची काजळी काढायला इंजिन चालू असतानाच अक्रोडाच्या कवचाचा भरडा आत सोडतात. पात्यांना ओरखडा न पाडता काजळी निघते.

आणि सर्ज. टर्बो जोरात फिरत असताना इंजिनाने हवा घेणं एकदम कमी केलं, किंवा पुढची वाट चोंदली, तर दाबलेली हवा कंप्रेसरमधून उलटी मागे येते. जहाजावर तो आवाज भुंकल्यासारखा येतो, पायाखालची जाळी हादरते. एकदा ऐकला की विसरत नाही. छोट्या गाडीत तो फडफडल्यासारखा ऐकू येतो. त्या प्रत्येक उलट्या धक्क्याने शाफ्टला मागेपुढे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजतं.

रात्रपाळी

उंचीवरचं एक सांगतो. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर येतो. बिनटर्बोचं इंजिन तेवढ्याच प्रमाणात ढिलं पडतं, काळा धूर सोडतं. टर्बोची गाडी खूप सावरून घेते, पण त्यासाठी टर्बोला काय करावं लागतं ते मला एन्ट्रॉपींच्या हिशेबातून आता लक्षात आलं. खाली एकाचे दोन करायचे होते, वरती शून्य पूर्णांक सात दशांशाचे दोन करायचे, म्हणजे जवळजवळ तिप्पट. शाफ्ट त्यासाठी आणखी जोरात पळतो. म्हणून उंचीवर संगणक स्वतःच बूस्ट कमी करतो. मी समजायचो गाडी बिघडली. आणि चिप बसवून बूस्ट वाढवलेल्या गाड्यांचे टर्बो चढावर का जातात, तेही कळलं.

कुतूहल

सगळं दोनदा वाचलं. आता माझ्या गाडीचं विचारते. गेला महिनाभर तिसऱ्या-चौथ्या गिअरला जोर दिला की फुस्स असा आवाज येतो, ओढ कमी, मागे काळा धूर. दिवा लागलेला नाही. उद्या टर्बो बदलायला ठेवणार आहे, मिस्त्रींनी तसंच सांगितलंय. थांबू का?

चक्रधर

नक्की थांबा. निळा नाही, काळा धूर. शिट्टी नाही, फुस्स. ऑईल कमी होतंय का तेवढं बघा. होत नसेल तर मला हवा गळतीचा संशय आहे. सेन्सरने हवा मोजली, तेवढ्या हिशेबाने डिझेल फवारलं, पण मधे कुठेतरी हवा निसटली. मग काळा धूर येणारच.

मिस्त्रींना म्हणावं, फिल्टरच्या बाजूचं तोंड बंद करून वाटेत हलका दाब भरा आणि कंप्रेसरपासून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फिरवा. होज नुसती बघून चालत नाही. ती क्लॅम्पच्या खाली किंवा पोटाकडच्या बाजूला फाटते, आणि बूस्ट नसताना चीर मिटलेली असते. नंतर इंटरकूलरचे कोपरे. तरीही काही नाही मिळालं, तर इंजिन बंद आणि थंड असताना कंप्रेसरचं तोंड उघडून शाफ्ट बोटाने हलवून बघायला सांगा. आडवा किंचित हलला तर हरकत नाही, ऑईलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेली असते. मागेपुढे जाणवण्याइतका हलत असेल किंवा पातं आवरणाला लागत असेल, तरच टर्बो.

कुतूहल

कळवायला चार दिवस लागले. मिस्त्री आधी तयार नव्हते, मग मी हा धागाच त्यांना वाचायला दिला. दाब भरल्यावर इंटरकूलरच्या खालच्या होजपाशी फेस आला. क्लॅम्प काढला तर त्याच्या खाली अर्ध्या घेरापर्यंत चीर. होज आणि दोन क्लॅम्प बदलले. शाफ्टही बघितला, मागेपुढे अजिबात हलत नाही. आज त्याच चढावर जाऊन आले, तिसऱ्या गिअरला पूर्वीसारखी ओढते, आणि मागे धूर नाही. फाटलेली होज मिस्त्रींनी भिंतीवर टांगून ठेवली आहे, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला.

चक्रधर

खूप बरं वाटलं! आता एक करा. त्यांच्याकडूनच पुढच्या सर्व्हिसला टर्बोची ऑईलची नळी आणि तो पोकळ बोल्टही काढून उजेडात धरून बघा.